मुलांची संख्या

"कोरी नळी कोरी नाहीये," अंके म्हणाली.

ती काचेच्या दाराबाहेर उभी होती, मी आत. फोटो मी काचेला टेकवून धरला होता. आठव्या महिन्याचं पोट सांभाळत ती पुढे आली, डोळे बारीक केले आणि काचेवरच बोट ठेवून शेवटची जागा दाखवली.

काळ्या कागदावर पांढऱ्या रेघांची रांग होती. एकेक रेघ म्हणजे एकेका नळीतल्या मातीचा डीएनए. शेवटच्या नळीत आम्ही मुद्दाम नुसतं पाणी घालायचो. तिच्याखाली काहीच दिसता कामा नये. दिसलं, तर बाहेरचं काहीतरी आत शिरलंय, आणि मग आधीच्या एकाही रेघेवर विश्वास ठेवता येत नाही.

शेवटच्या नळीखाली रेघ होती. फिकी होती, पण होती.

"मागच्या सोमवारचा फोटो बघ," ती म्हणाली.

"बघितला. त्यातही आहे. आपण सावली समजलो होतो."

"त्याच्या आधीचा?"

त्यातही होती, अशी मी मान डोलावली. तीन आठवड्यांचं काम होतं. दोन वर्षं बर्फापावसात जाऊन अंकेने जंगलातून आणलेली माती होती ती.

ती जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटली, मग पोटावर हात ठेवून पोटातल्या बाळाला म्हणाली, "तू ऐकलं नाहीस हं." आणि मला म्हणाली, "पाणी. कंपनीकडून बाटलीच खराब आली असणार. फेकून दे ती."

मी बाटली फेकली. पण पाण्यात काही नव्हतं, हे मला त्याच क्षणी कळलं होतं.

जर्मनीतल्या मारबुर्गला मी सप्टेंबरात आले होते, सहा महिन्यांच्या शिष्यवृत्तीवर. हिंगोलीच्या आमच्या कॉलेजात मी ज्वारीच्या मुळांवर राहणाऱ्या जिवाणूंवर काम करत होते. माझ्या ज्वारीच्या मातीच्या पुड्या घेऊनच मी तिकडे गेले. तिथे पोचल्यावर कळलं की माझ्या कामाबरोबर मला अंकेचंही काम करायचं आहे. अंके पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिला दिवस गेले होते. तिकडे गरोदर बाईला रसायनांच्या खोलीत पाऊल टाकायला कायद्याने बंदी. ती बाहेर टेबलाशी बसून हिशेब मांडायची, आणि आत तिच्या जागी मी. "तू माझे हात," ती म्हणायची.

आठव्या महिन्यात मी स्वतः काय करत होते ते मी तिला कधी सांगितलं नाही. तोंडाला ओढणी बांधून फिनॉल हे विषारी रसायन ओतत होते. पुंजाजी मामा, आमच्या प्रयोगशाळेचे शिपाई, खिडकी उघडून द्यायचे आणि म्हणायचे, "मॅडम, लेकराला खोकला यील बरं का." सांगितलं नाही, कारण मला मूल आहे हेच मी तिकडे कुणाला सांगितलेलं नव्हतं.

अर्ज भरला तेव्हा माझी मुलगी जुई महिन्याची होती. शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन मी लोमटे सरांच्या खोलीत गेले होते. ते माझे गाईड. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून एकेक रकाना वाचला.

"इथं काय लिहायलात, मॅडम? मुलांची संख्या."

"एक, सर."

"शून्य लिहा."

"पण सर..."

"शिंदे मॅडमचं मागल्या साली काय झालं, ठाऊक हाय ना? इंटरव्ह्यूत पहिलाच प्रश्न, लेकरू कोण सांभाळणार. दुसरा प्रश्नच विचारला नाही त्यांना."

"ते इथलं होतं, सर. हे जर्मनीचं आहे."

"तिकडं बी खुर्चीत माणसंच बसत्यात का नाही?" सर म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमच्या भल्यासाठी सांगायलोय. अठरा वर्षांत या कॉलेजातून कुणी गेलं नाही बाहेर."

शून्य मी लिहिलं. सरांनी माझा हात धरला नव्हता.

मारबुर्गला पहिले तीन आठवडे दूध येत राहिलं. प्रयोगशाळेच्या बाथरूममध्ये नळ सोडून मी ते बेसिनमध्ये पिळून टाकायचे आणि मग हात धुऊन पुन्हा कामाला. जुई आता दुसरीत आहे, तिच्या पाठचा धाकटा माझ्याच अंगावर वाढला. पण नळाच्या धारेत पांढरं मिसळून जातानाचं ते बेसिन मला अजून तसंच्या तसं आठवतं.

दुपारी दीड वाजता सगळे जेवायला गेले की मी खोकी ठेवायच्या खोलीत जायचे. तेव्हा हिंगोलीत सहा वाजलेले असायचे, दिवेलागणीची वेळ. सासूबाई फोन उभा धरायच्या, कधी आडवा, कधी नुसतं छत.

"बघ बघ, कोण हाय? मम्मी हाय का? बोल की मम्मीसंगं."

जुई पडद्याकडे बघायची. मग फोनच्या मागे वाकून बघायची. मागे कुणीच नाही म्हटल्यावर पुन्हा पुढे. एकदा तिने तीनदा असं केलं, आणि मग रडली. सासूबाई म्हणाल्या, "आता उद्या बोल, लेकरू झोपंला आलंय." झोपेला आलेलं नव्हतं. त्यांनी ते माझ्यासाठी म्हटलं होतं.

एकदा अंके कागद आणायला त्याच खोलीत आली.

"कोण आहे हे? किती गोड!"

"पुतणी," मी म्हटलं.

त्या दिवसापासून ती मला बाळांबद्दल विचारायला लागली. पोट दुखलं की काय करतात, उचकी लागली की काय करतात. मी सांगायचे. हिंगाचं पाणी बेंबीभोवती लावायचं, खांद्यावर घेऊन पाठीवरून खालून वर हात फिरवायचा.

"तुला एवढं कसं गं माहीत?"

"आमच्याकडे सगळ्यांनाच माहीत असतं."

"आणि तुला? तुला हवंय मूल?" पोटावर हात ठेवून तिने विचारलं होतं. बाहेर बर्फ पडत होता, आणि खोलीत आम्ही दोघीच.

"बघू. कधीतरी," मी म्हटलं.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी माझी बोलायची पाळी आली. दर शुक्रवारी जेवणानंतर केक असायचा आणि कुणीतरी वीस मिनिटं बोलायचं. बाहेरून आलेल्यांना विषय ठरलेला असायचा, की तुमच्या देशात संशोधनाला पैसा कुठून येतो. मी मेहनतीने एक तक्ता केला होता. देशाच्या शंभर रुपयांच्या उत्पन्नातले संशोधनावर किती जातात, सरकार आणि कंपन्या सगळं धरून, त्याचे उभे खांब. कोरियाचा चार रुपयांच्या वर. जर्मनीचा तीन रुपयांना टेकलेला. आमचा सत्तर पैशांच्या आसपास.

कोरियाचा सुंग केक खाता खाता म्हणाला, "तुमचा खांब कुठे आहे? ती तर खालची रेघ दिसतेय."

सगळे हसले. मीही हसले.

रोइटर मॅडम म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. बाकी सगळे त्यांना नुसतं हेल्गा म्हणायचे, माझी जीभ वळायची नाही. त्यांनी विचारलं, "त्यातले सरकारचे किती?"

"निम्म्याहून जास्त सरकारचेच."

"आणि तुमच्यासारख्या छोट्या गावातल्या कॉलेजपर्यंत किती पोचतात?"

"मार्च महिन्यात थोडे."

"मग एवढ्यात भागवता कसं?"

"टिप्स धुतो," मी म्हटलं. "धुऊन परत वापरतो."

खोली हसण्याने भरून गेली. सुंग टेबलावर थापा मारायला लागला, अंकेने डोळे पुसले. मला इंग्रजीत विनोद जमला म्हणून मॅडमनी माझ्या पाठीवर थाप दिली.

पण आम्ही खरंच धुतो. टिप म्हणजे पिपेटच्या टोकाला लावायचं प्लॅस्टिकचं पोकळ टोक, पेनच्या टोपणाएवढं. एक थेंब उचलायचा, नळीत सोडायचा आणि टोक फेकून द्यायचं, असा जगाचा नियम. हिंगोलीला पुंजाजी मामा ती टोकं साबणाच्या पाण्यात भिजवायचे, तीनदा साध्या पाण्याने, एकदा शुद्ध पाण्याने खळबळायचे, गच्चीवर पेपरवर वाळत घालायचे आणि मोठ्या कुकरमध्ये उकडून डब्यात भरायचे. एकेक टोक उजेडात धरून बघायचे. लोमटे सरांचा त्यातही नियम होता. धुतलेली फक्त पाण्यासाठी. मातीच्या नमुन्याला नवीच.

मारबुर्गला माझ्या एकटीच्या टेबलाखालची बादली रोज टिप्सनी भरायची. पहिले दोन आठवडे मी ती बादली रिकामी होताना नुसती बघितली. तिसऱ्या आठवड्यात माझ्या ज्वारीच्या कामात वापरलेल्या टिप्स मी पिशवीत भरून खोलीवर नेल्या. शनिवारी दुपारी बेसिनमध्ये धुतल्या, खिडकीत वाळवल्या, सोमवारी प्रयोगशाळेत उकडून रिकाम्या डब्यांत ओळीने भरल्या. जुईची बाटली धुवायचे तशाच धुतल्या. ब्रशसुद्धा बाटल्यांचाच आणला होता. जानेवारीपर्यंत अकरा डबे झाले. मामांना न्यायचे होते.

आणि मग अंकेचं काम सुरू झालं तेव्हा नुसतं पाणी घालायला नवा डबा फोडायचं माझ्या जिवावर आलं. पाणी तर होतं. पाण्याला धुतलेली चालते.

ते पाणी प्रत्येक नळीत गेलं होतं. कोऱ्या नळीतही. उकडल्याने जिवाणू मरतात, त्यांचा डीएनए टोकाला चिकटून राहतो.

बाटली फेकल्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, मी कुणाला न सांगता दोन रांगा लावल्या. एकीत नव्या टिप्स, दुसरीत माझ्या. तीन तासांनी फोटो निघाला. पहिल्या रांगेखाली काळोख होता. दुसऱ्या रांगेत सगळीकडे तीच फिकी रेघ. माझ्या हिंगोलीच्या शेतातली ज्वारी अंकेच्या जंगलात शिरली होती.

तो फोटो मी घडी करून खिशात ठेवला.

आठ मार्चचं माझं तिकीट होतं. चौदाला जुईचा पहिला वाढदिवस. केशवने, माझ्या नवऱ्याने, घराच्या दाराशी दिनदर्शिका टांगली होती आणि रोज एक दिवस खोडून तो फोनमध्ये दाखवायचा. अंकेची रजा फेब्रुवारीच्या शेवटी सुरू होणार. पहिल्यापासून सगळं करायचं तर चार आठवडे तरी हवेत, आणि आतलं काम येणारी मी एकटीच. मी गप्प बसले असते तर दोष कंपनीच्या पाण्यावर गेला असता. पण तेच काम मी पुन्हा केलं असतं तर थांबावं लागलंच असतं. आणि न थांबता आठ तारखेला निघून गेले असते, तर अंके खराब पाण्याला शिव्या देत बाळंत झाली असती आणि कधीतरी तिच्या आकड्यांमध्ये तिला ज्वारी सापडली असती.

बुधवारी दुपारी फोनवर केशव म्हणाला, "पंचवीस राहिले. तू काही बोलेनास?"

"सर्दी झालीये."

"हळद घालून दूध पी."

"हो."

गुरुवारी सकाळी मी रोइटर मॅडमच्या खोलीचं दार वाजवलं. इंग्रजी वाक्यं पाठ करून गेले होते, ती पहिल्या मिनिटातच संपली. खिशातला फोटो टेबलावर ठेवला.

मॅडमनी तो बराच वेळ पाहिला.

"धुतलेल्या?"

"हो. मी तेव्हा सांगितलं होतं. शुक्रवारी."

त्यांनी चष्मा काढला. "मला वाटलं तो विनोद होता."

"विनोदही होता."

मी ओरडा खायला तयार होऊन बसले. लोमटे सर असते तर व्हरांड्याच्या टोकाला ऐकू जाईल असं ओरडले असते, तोंड दाखवू नका म्हणाले असते, आणि अर्ध्या तासाने मामांच्या हाती चहा पाठवला असता. मॅडमनी कागद पुढे ओढला.

"अंकेचे मूळ नमुने किती उरलेत?"

"एका खेपेपुरते."

"पुरेत. रसायनं आज मागवते, सोमवारी येतील. पुढच्या खर्चाची काळजी करू नकोस, अशा गोष्टींसाठी थोडे बाजूला ठेवलेले असतात."

"कशा गोष्टींसाठी?"

"चुकांसाठी," त्या म्हणाल्या. वाण्याच्या यादीत साखर लिहावी तसं. "चार आठवडे लागतील. तू थांबशील ना? शिष्यवृत्ती वाढवून घेऊ. तिकीट बदलून मिळेल."

हिंगोलीत असं काम वाया गेलं असतं तर कुणाचं तरी वर्ष गेलं असतं. कदाचित पदवीसुद्धा. इथे त्या कागदावर चार ओळी झाल्या आणि संपलं. मला रडू यायला लागलं. मॅडमना वाटलं, लाजेने रडतेय. त्यांनी रुमालांचा डबा पुढे सरकवला.

"मला थांबता येणार नाही," मी म्हटलं.

"का?"

"चौदा मार्चला माझी मुलगी एक वर्षाची होते."

मॅडमनी संगणकाकडे तोंड वळवलं, माझी फाइल उघडली आणि पडदा माझ्याकडे फिरवला. अर्जाचं ते पान होतं. माझं अक्षर.

"इथे शून्य आहे."

"हो."

"मग?"

"मूल आहे म्हटलं तर मिळणार नाही, असं वाटलं."

"असं कोण म्हणालं तुला?"

"मलाच वाटलं," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा चष्मा घातला, पुन्हा काढला. बोलल्या तेव्हा आवाज इतका हळू होता, की जणू त्यांचंच काही चुकलं होतं.

"मूल असलं तर जास्त देतात, ज्योत्स्ना. मुलाचे दरमहा वेगळे. नवरा किंवा आई बरोबर येणार असेल तर त्यांच्या प्रवासाचे. राहायला मोठी जागा. आणि आपल्याच इमारतीच्या मागे पाळणाघर आहे, तू बघितलं असशील."

बघितलं होतं. पहिल्याच आठवड्यात. दुपारी तिथल्या बायका सहा-सहा लेकरांना एका गाडीत बसवून फिरायला काढायच्या. तेव्हापासून मी मागचा रस्ता सोडला होता, लांबच्या पायऱ्यांनी यायचे.

"तो रकाना त्यासाठीच असतो," मॅडम म्हणाल्या.

खोलीतला हीटर खडखडत होता. मी त्या शून्याकडे बघत होते. नीट, गोल काढलेलं होतं. पेन उचलताना वर एक छोटी शेपटी राहिली होती.

"आता अर्ज केला तर?" मी विचारलं.

"व्हिसाला सहा-सात आठवडे." त्या थांबल्या. "उशीर झाला."

अंकेला मीच सांगितलं, त्याच दुपारी. टिप्सचं आधी सांगितलं. ती ऐकत राहिली, एकदा "अरे देवा" म्हणाली आणि चक्क हसली. मग जुईचं सांगितलं. तेव्हा ती हसायची थांबली.

"पुतणी म्हणालीस."

"हो."

"नाव काय?"

"जुई."

"किती दात आलेत?"

"चार," मी म्हटलं. "मागच्या आठवड्यात तरी चार होते."

अंकेने खुर्ची थोडी मागे घेतली. "मी रोज दुपारी तुझ्याशी बोलत होते. मला भीती वाटते, हे मी माझ्या आईलाही सांगितलं नाही, तुला सांगितलं. आणि तू तिथे बसून म्हणालीस, बघू, कधीतरी."

"अंके, मला वाटलं..."

"तुला वाटलं मी जाऊन सांगेन?"

मला वाटलं होतं, ती सांगेल. आमच्याकडे सांगतात.

"तिकीट बदलू नकोस," ती म्हणाली.

"पण तुझं काम..."

"माझं काम दुसऱ्यांदा करायला पैसे आहेत. हेल्गाने फोनवर एवढंच सांगितलं होतं. जा तू." आणि तिने तोंड पडद्याकडे वळवलं.

त्यानंतरचे तीन आठवडे सगळे माझ्याशी फार चांगले वागले. योनास नावाचा एक विद्यार्थी ताशी पगारावर घेतला, त्याला मी अंकेचं काम शिकवलं. तो प्रत्येक थेंबाला नवी टिप घ्यायचा आणि न बघताच बादलीत टाकायचा. चुकला की "सॉरी" म्हणून पुन्हा सुरू करायचा. अंके दाराबाहेरून त्याच्याशी बोलायची. मला भेटली की "कशी आहेस" म्हणायची. उचकीचं, पोटदुखीचं तिने पुन्हा काही विचारलं नाही. रजेआधीच्या शेवटच्या दिवशी तिने सगळ्यांना मिठी मारली, मलाही. पोट मध्ये असल्यामुळे तिचे हात माझ्या पाठीपर्यंत पोचले नाहीत, की तिने ते पोचवले नाहीत, ते मला कळलं नाही.

आठ तारखेला मी निघाले. नांदेड स्टेशनावर केशव जुईला घेऊन आला होता. तिने मला नीट बघितलं. मी हात पुढे केले तेव्हा तिने केशवच्या शर्टाची कॉलर धरली आणि माझ्या मागे वाकून बघायला लागली.

"चार दिवसांत येईल गं," केशव म्हणाला. "माझ्याकडं बी यायला तिला वेळच लागला."

पाचव्या दिवशी आली. झोपेतच आली, पण आली.

वाढदिवसाला फार माणसं नव्हती. शेजारच्या पाच बायकांनी औक्षण केलं, सासूबाईंनी शिरा केला. लोमटे सर सपत्नीक आले, जुईसाठी चांदीचा वाळा आणला. सर त्या दिवशी फार आनंदात होते. सगळ्यांसमोर म्हणाले, "आपल्या कॉलेजची पहिली! आणि एक सांगू का केशवराव? नुसत्या हुशारीनं होत नाही. फॉर्म भरायचं बी एक तंत्र असतं. काय मॅडम?"

"हो सर," मी म्हटलं. त्यांच्या ताटात आणखी शिरा वाढला.

"शून्य लिहायला लावलं म्हणून तर झालं हे. नसता शिंदे मॅडमवाणी राहिल्या असत्या घरी."

सासूबाईंनी सरांना हात जोडले.

पाहुणे गेले तेव्हा अजून उजेड होता. सासूबाई देवळात गेल्या. जुई माझ्या मांडीवर झोपली होती, तोंडाजवळ शिऱ्याचा कण. केशव भिंतीवरचे फुगे काढत होता. सहा महिन्यांत त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. शाळेतली नोकरी, घर, रात्री तीन-तीनदा उठणं. डिसेंबरात जुईला न्यूमोनिया झाला होता आणि तो दवाखान्यात तिच्याजवळ पाच दिवस बसून होता. हे मला पत्ता लागू न देता त्याने एकट्याने निभावलं होतं. परत आल्यावर शेजारणीने सांगितलं तेव्हा कळलं.

एक फुगा हातात धरून तो माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "एक विचारू?"

"विचार ना."

"त्या दवाखान्यात असताना सारखं मनात यायचं. आपण नीट चौकशी केली असती तर... म्हणजे, तिकडं लेकराला नेता येत नव्हतं ना? आम्हाला कुणाला संगं?"

जुईने झोपेत तोंड हलवलं, चोखल्यासारखं. मी तिच्या ओठाजवळचा कण पुसला.

"नव्हतं," मी म्हटलं.

केशव वळला. त्याने फुग्याची गाठ सोडली, हवा हळूहळू जाऊ दिली.

"मग झालं," तो म्हणाला, आणि माझ्या शेजारी भिंतीला टेकून पाय लांब करून बसला. थोड्या वेळाने त्याचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. त्यालाही झोप लागली होती. मी त्या दोघांमध्ये, हलता येत नाही अशी, दिवा लावायची वेळ टळून गेली तरी बसून राहिले.